फ्रायडे सेनाइट म्हणजे नक्की कधी?

माझ्याकडे एरवी सासू, सुट्टी, शेजारी नाहीतर लग्नाचं वय असलेच प्रश्न येतात, यावेळचं पत्र चक्क एका शब्दाबद्दल आहे. पण माणूस रडकुंडीला आला की कारण काही का असेना, म्हणून हेच घेतलं. पत्र थोडं कापून देतेय.

"ताई नमस्कार. मी बार्शीचा, वय २४, दोन वर्षं झाली हिंजवडीत एका कंपनीत सपोर्टच्या टीममध्ये आहे. शाळा मराठी मीडियमची, इंग्रजी सुधारलं ते आजोबांच्या पेटीतल्या जुन्या कादंबऱ्या वाचून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. मागच्या महिन्यात मंगळवारी अमेरिकेतल्या क्लायंटला मेल केला, त्यात लिहिलं की रिपोर्ट 'फ्रायडे सेनाइट'ला देतो. मला म्हणायचं होतं, येत्या शुक्रवारनंतरचा शुक्रवार. क्लायंटने येत्या शुक्रवारीच कॉल लावला, आम्ही रिकाम्या हाताने बसलो, आणि वर त्याने विचारलं की हे मिस्टर सेनाइट कोण, ते कॉलवर आहेत का. सगळी टीम म्यूट करून हसली. तेव्हापासून मी ऑफिसात 'सेनाइट सर' झालोय, कँटीनवाला दादासुद्धा तेच म्हणतो. टीम लीड म्हणाले असले शब्द बंद कर, फारच हौस असेल तर फोर्टनाइट वापर, तो चालतो. ताई, शब्द खरंच आहे ना? मी चुकलो का? आणि त्या कादंबऱ्या वाचणं सोडून देऊ का?"

अरे बाळा, पहिलं म्हणजे शब्द खरा आहे. शंभर टक्के. आणि तू वापरलास तोही बरोब्बर, जुन्या इंग्लंडात एखाद्या मामलेदाराने पत्र लिहावं तसा. फक्त ज्याला लिहिलंस तो दोनशे वर्षं उशिरा जन्मला, त्याला तो बिचारा तरी काय करणार. कादंबऱ्या सोडायचा विषयच काढू नकोस, पण त्यावर शेवटी बोलू, आधी शब्दाचं बघू, कारण तुझं पत्र वाचताना मला वाटलं की तुला अर्थ माहितीये पण हा शब्द आपला किती जवळचा नातेवाईक आहे ते माहिती नाही, आणि ते कळलं ना की 'सेनाइट सर' ही हाक तुला तेवढी टोचणार नाही.

सेनाइट म्हणजे सेव्हन नाइट. सात रात्री, झालं, एवढंच. बोलता बोलता 'सेव्हन'मधला व्ह गळाला, छापताना कधी कधी मध्ये अॅपॉस्ट्रॉफी ठेवायचे, की बाबांनो इथे काहीतरी पडलंय. उच्चार कोणी सेनाइट करतं, कोणी सेनिट. अर्थ एक आठवडा. आणि वाराच्या मागे लावला, फ्रायडे सेनाइट, की त्या वारापासून पुढे आणखी एक आठवडा. म्हणजे तू मंगळवारी लिहिलंस, येता शुक्रवार तीन दिवसांवर, त्यात सात मिळव, दहाव्या दिवशी रिपोर्ट. हिशोब चोख आहे तुझा.

तुझ्या आजोबांच्या पेटीत जेन ऑस्टेनची प्राइड अँड प्रेज्युडिस नक्की असणार (नसली तर आण). १८१३ ची कादंबरी. त्यात ते मिस्टर कॉलिन्स आहेत बघ, लांबचे नातेवाईक, अत्यंत गोडबोले आणि अत्यंत कंटाळवाणे, ते आगाऊ पत्र पाठवतात की सोमवारी १८ नोव्हेंबरला दुपारी चारपर्यंत तुमच्याकडे पोचतो आणि सॅटर्डे सेनाइटपर्यंत मुक्काम करतो. आता कॅलेंडर मांड. सोमवार १८, त्यानंतरचा शनिवार २३, पण तो नाही, त्याच्यावर आणखी सात, म्हणजे ३० नोव्हेंबर. बारा रात्री मुक्काम! घरच्यांनी पत्र वाचून हा हिशोब मनात केला असेल तेव्हा त्यांचे चेहरे कसे झाले असतील ते डोळ्यासमोर आण. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा शब्द माहिती नव्हता, मी शनिवार म्हणजे २३ च धरला, आणि पुढे मंगळवारी २६ ला बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, होतो तिथे हा माणूस अजून नाचतोय, दुसऱ्या दिवशी लग्नाची मागणीसुद्धा घालतोय, मग मला कळेना की हा अजून गेला कसा नाही. बरीच पानं मागे जाऊन शब्द शोधला तेव्हा उलगडा झाला. म्हणजे तुझा क्लायंट जिथे घसरला तिथेच मीही घसरले होते, फरक एवढाच की माझ्यावर म्यूट करून हसायला कोणी नव्हतं.

शेक्सपिअरकडेही आहे. मॅकबेथच्या सुरुवातीला ती चेटकीण एका खलाशाच्या बायकोवर दात धरून असते, आणि सूड उगवते त्या खलाशावर, म्हणते मी त्याला नऊ गुणिले नऊ सेनाइट झुरवीन. ८१ आठवडे, ५६७ रात्री, दीड वर्षाच्या वर. एवढा राग.

आता मूळ. इथे खरी गंमत आहे, नीट बघ. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या, रात्रीला म्हणायचे 'निख्त'. त्यातला 'ख' घशातून खरखरत यायचा. तो उच्चार पुढे गेला, पण स्पेलिंगमध्ये त्याची खूण राहिली, आपण शाळेत नाइट लिहिताना मधले जी आणि एच उगाच पाठ केले ना, ती त्या मेलेल्या 'ख'ची समाधी आहे. जर्मनमध्ये तो अजून जिवंत आहे, ते 'नाख्ट' म्हणतात. लॅटिनमध्ये 'नोक्स', आणि त्याची रूपं चालवली की 'नोक्टिस', 'नोक्टेम'. आणि संस्कृतात? 'नक्त'. तुझ्या आजीला विचार, नक्त म्हणजे काय ते ती लगेच सांगेल, दिवसभर उपास करून रात्री सोडायचा ते नक्त. तोच शब्द आहे हा, निख्त, नाख्ट, नक्त, सगळी एका घरची भावंडं. आणि सेव्हन आणि सप्त ही भावंडं आहेत ते तर तुला माहिती असेलच. म्हणजे सेनाइट हा शब्द उलगडला तर काय निघतं, सप्त-नक्त! पुढच्या वेळी कोणी सेनाइट सर म्हणालं तर सांग, पूर्ण नाव सप्तनक्त.

एक बारीक गोष्ट. सात रात्री म्हणायचं तर शेवटी 'स' लागायला पाहिजे होता ना, सेव्हन नाइट्स? तर जुन्या इंग्रजीत निख्तचं अनेकवचन निख्तच होतं, म्हणून सेनाइटला 'स' नाही आणि फोर्टनाइटलाही नाही. फोर्टनाइट म्हणजे फोर्टीन नाइट, चौदा रात्री, दोन्ही एकाच साच्यातले.

पण मग रात्रीच का, दिवस का नाही?

मोजायची पद्धतच ती होती. टॅसिटस म्हणून रोमन इतिहासकार होऊन गेला, त्याने इसवी सन ९८ च्या सुमाराला जर्मन टोळ्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात तो सांगतो की हे लोक आमच्यासारखे दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात, त्यांच्या हिशोबी रात्र पुढे आणि दिवस तिच्या मागून. आणि त्याच परिच्छेदात तो कुरकुरतो की यांच्या सभा अमावस्या नाहीतर पौर्णिमेच्या आसपास भरतात पण कोणी वेळेवर येत नाही, दोन-दोन तीन-तीन दिवस नुसती वाट बघण्यात जातात. दोन हजार वर्षं झाली, मीटिंगचं सगळं तसंच आहे बघ. त्याच्याही दीडशे वर्षं आधी सीझरने गॉल लोकांबद्दल, म्हणजे आताच्या फ्रान्सकडच्या लोकांबद्दल हेच लिहिलंय, की वाढदिवस, महिना, वर्ष काहीही असो, यांच्या मोजणीत रात्र आधी येते. टॅसिटसच्या त्या जर्मन टोळ्यांपैकीच काही पुढे समुद्र ओलांडून इंग्लंडात गेल्या आणि ही मोजणी बरोबर घेऊन गेल्या.

त्याचे अवशेष तू दरवर्षी बघतोस. ख्रिसमस ईव्ह ही २४ तारखेची संध्याकाळ, पण ती ख्रिसमसचीच का धरतात, कारण दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू व्हायचा. हॅलोवीनमधलं ते शेवटचं 'ईन' म्हणजे पण ईव्हनिंगच, सगळ्या संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. आणि सगळ्यात भारी जर्मन, त्यांच्याकडे उत्तर भागात शनिवारला 'झोनआबेंड' म्हणतात, शब्दशः रविवारची संध्याकाळ. शनिवारला! जुन्या इंग्रजीतही अस्साच शब्द होता. एखाद्या जर्मन टीमला झोनआबेंडची डेडलाइन देऊन बघ, तिथे कोणी हसणार नाही.

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे का? आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, मान्य, पण मुक्काम, व्रत, सुतक यांत आपणही रात्रीच मोजत आलोय. नवरात्र म्हण ना, नवदिवस नाही म्हणत कोणी. सोयरसुतकाच्या जुन्या नियमांत त्रिरात्र येतं. मनुस्मृतीत अतिथी कोण, तर एक रात्र राहतो तो. आणि नचिकेता आठवतोय का, कठोपनिषदातला, यमाच्या घरी गेला तर यम बाहेरगावी, पोरगा तसाच उपाशी बसून राहिला, किती, तर तीन रात्री. यम परत आल्यावर खजील होऊन म्हणतो तीन रात्री राहिलास, घे तीन वर. एका रात्रीला एक वर असा रोख हिशोब. दिवस मोजले असते तर चार मागता आले असते की काय कोण जाणे.

हे मी थट्टेत म्हणत नाहीये, यातच या शब्दाची सगळी खुबी आहे. दिवस मोजायला लागलं की भांडण सुरू होतं. आज धरायचा का? शेवटचा धरायचा का? डॉक्टरांनी पाच दिवस गोळी सांगितली तर आजची पहिली का उद्याची, यावरून आमच्या घरात दर तापाला वाद होतो. रात्रीत तो प्रश्नच नाही. खांब आणि गाळे असं समज. मांडवाला आठ खांब रोवले तर मधले गाळे सातच. दिवस म्हणजे खांब, रात्र म्हणजे गाळा. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोकं धरून आठ दिवस होतात, पण मधल्या रात्री कशाही मोज, सातच भरतात. टूरवाले आजही 'दोन रात्री तीन दिवस' असं छापतात ना, दिवसांच्या आकड्यात थोडी हवा असते, पहिला दिवस अर्धा प्रवासात आणि शेवटचा चेकआउटमध्ये जातो, पैसे मात्र रात्रीचे घेतात कारण रात्र तेवढी खरी असते. टॅसिटसच्या जर्मनांना आणि महाबळेश्वरच्या लॉजवाल्याला एकच गोष्ट उमगलेली आहे.

आणि आता आपला शब्द बघ. आठवडा. आठ! सात दिवसांचा असून आठवडा. लहानपणी मला वाटायचं कोणाचं तरी गणित कच्चं असेल. पण नाही, आपण खांब मोजले. आठवडी बाजार सोमवारचा, मग सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी आणि पुन्हा बाजाराचा सोम, मोज बोटांवर, आठ. तसाच पंधरवडा, सोमवारपासून तिसऱ्या सोमवारपर्यंत दोन्ही टोकं धरून पंधरा. 'आठ दिवसांनी या' म्हणजे पुढच्या याच वारी या, हे कुठल्याही तलाठ्याला आणि शिंप्याला माहिती असतं (शिंपी पाळत नाही तो भाग वेगळा). फ्रेंच लोकही आठवड्याला आठ दिवस आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतात, अगदी आपल्यासारखं. रोमन लोकांचा बाजार दर आठव्या दिवशी भरायचा आणि त्याचं नाव होतं 'नुंदिने', नवव्या दिवसाचा, तीच भानगड. जर्मनांनी मात्र गोंधळ घातलाय, एका आठवड्याला आठ दिवस म्हणतात आणि दोन आठवड्यांना चौदा. आठ दुणे चौदा! आणि वेल्श तर सगळ्यांवर कडी, त्यांचा आठवड्याचा शब्द फोडला तर 'आठ रात्री' आणि फोर्टनाइटचा फोडला तर 'पंधरा रात्री'. म्हणजे रात्री मोजल्या इंग्रजांसारख्या आणि दोन्ही टोकं धरली आपल्यासारखी. दोन्ही पंगतीत जेवून घेतलं.

या पंधरा आणि चौदाने मला एकदा चांगलाच घाम फोडलाय. खूप वर्षांपूर्वी मी एका ऑफिसासाठी नोटिसांची भाषांतरं करायचे, मूळ इंग्रजीत होतं की एका फोर्टनाइटच्या आत कागदपत्रं आणून द्या, मी बिनधास्त लिहिलं 'पंधरा दिवसांच्या आत'. सगळे तसंच लिहायचे. तर एक काका पंधराव्या दिवशी दुपारी फाइल घेऊन हजर, खिडकीतला माणूस म्हणतो मुदत काल संपली, काकांनी खिशातून माझी मराठी नोटीस काढून काचेवर थोपटली, त्या माणसाने इंग्रजी काढली, आणि अर्धा तास तिथे पंधरा मोठे का चौदा मोठे यावर सभा भरली. शेवटी कागद घेतले त्यांचे. मला आत बोलावून जे सुनावलं गेलं ते सांगत नाही. तेव्हापासून मी मुदतीत फोर्टनाइट दिसलं की 'चौदा दिवस' लिहिते आणि शेजारी तारीख टाकते. चंद्राला विचारशील तर तो आपल्या बाजूचा आहे म्हणा, त्याचं चक्र साधारण साडेएकोणतीस दिवसांचं, अर्धं केलं की पावणेपंधरा, म्हणजे पंधरा जास्त जवळ. पण ऑफिसं चंद्रावर चालत नाहीत.

एक अवांतर, मला फार आवडतं म्हणून सांगते. १८९७ साली फ्रान्समध्ये कोलिन्यी नावाच्या गावात काशाच्या पाट्यांचे तुकडे सापडले, जोडले तर ते गॉल लोकांचं पंचांग निघालं, आता लियोंच्या म्युझियममध्ये आहे. त्यात प्रत्येक महिन्याचे दोन भाग, पहिला पंधरा दिवसांचा, दुसरा चौदा किंवा पंधरा. शुद्ध आणि वद्य पक्ष मांडून ठेवल्यासारखं. फोटो मिळाला तर बघ, दिवसांच्या ओळीत प्रत्येक दिवसाला एकेक बारीक भोक आहे, बहुतेक रोज खुंटी पुढे सरकवायला.

असो, भरकटले. हा शब्द मेला कसा? हळूहळू. अठराव्या शतकात पत्रांतून सर्रास दिसतो, ऑस्टेनच्या काळातही कोणाला खटकत नव्हता, पुढे एकोणिसाव्या शतकात विरत गेला. मला विचारशील तर त्याचं नशीब खोटं, कारण त्याच अर्थाचा 'वीक' घरात आधीपासून बसलेला होता, एका अर्थाला दोन शब्द कोण किती दिवस पोसणार. फोर्टनाइट मात्र वाचला, दोन आठवड्यांना दुसरा एकच असा सुटसुटीत शब्द इंग्रजीत नव्हता ना. म्हणजे सख्खे भाऊ, एक देवाघरी गेला आणि एक अजून ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात, आपल्याकडच्या पेपरांत आणि सरकारी कागदांत नोकरी करतोय. आणि सेनाइट गेला तरी त्याची खुर्ची शिल्लक आहे, ब्रिटिश लोक अजून 'फ्रायडे वीक' म्हणतात, म्हणजे शुक्रवारवर एक आठवडा. तुझाच वाक्प्रचार, फक्त सेनाइट काढून वीक बसवलाय. तुझा क्लायंट यॉर्कशरचा एखादा आजोबा असता ना तर कदाचित पाठ थोपटली असती त्याने.

पण तो अमेरिकन आहे. आणि म्हणून तुझ्या टीम लीडचा सल्ला अर्धवट आहे, त्यांना सांगताना जरा गोडीत सांग. अमेरिकेत फोर्टनाइटही रोजच्या बोलण्यात नसतो, ते सरळ टू वीक्स म्हणतात. शब्द कानावर असतो, पण पटकन दिवस मोजून कळेलच असं नाही, आणि पोराटोरांना त्या नावाचा गेम आधी आठवेल, ज्याचं स्पेलिंगसुद्धा वेगळं आहे आणि नाव 'फोर्ट' म्हणजे किल्ला यावर केलेली कोटी आहे. म्हणजे सेनाइटच्या जागी फोर्टनाइट टाकून तू एका खड्ड्यातून दुसऱ्यात. 'बायवीकली' तर चुकूनही लिहू नकोस, आठवड्यातून दोनदा का दोन आठवड्यांतून एकदा यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंच एकमत नाही. आणि 'नेक्स्ट फ्रायडे' पण नको. तू मंगळवारी नेक्स्ट फ्रायडे म्हणालास की अर्धी माणसं हा शुक्रवार धरतात आणि अर्धी पुढचा, आपल्याकडे येत्या आणि पुढच्या शुक्रवारात जी मारामारी होते तीच. तुझी खरी चूक सांगू? सेनाइट नाही, तारीख न लिहिणं. तू तिथे साधं नेक्स्ट फ्रायडे लिहिलं असतंस तरी तो कॉल तसाच फसला असता, फक्त हसायला कारण मिळालं नसतं.

तर इथून पुढे डेडलाइन लिहिताना वार, तारीख, महिना अक्षरात, आणि कोणाच्या घड्याळाची वेळ ते. महिना अक्षरात यासाठी की ते लोक महिना आधी लिहितात, आपण लिहिलेली सहा-सात म्हणजे सहा जुलै त्यांना सात जून वाटते, आणि मग सेनाइट परवडला म्हणायची वेळ येते. शुक्रवार संध्याकाळ म्हणालास तर तुझ्या शुक्रवार संध्याकाळी त्यांची सकाळ असते, त्यांच्या संध्याकाळी तुझा शनिवार लागलेला असतो, तेव्हा तेही स्पष्ट लिही.

क्लायंटला एक छोटा मेल अजून पाठवला नसशील तर पाठव. माफीनामा नको, दोन ओळी, की तो जुना शब्द होता, अर्थ एक आठवडा, तारीख न लिहिल्याने तुमचा वेळ गेला, पुढची तारीख अमुक. मला खात्री आहे तो हसेल आणि विसरेल, कदाचित त्याच्या बायकोला संध्याकाळी सांगेल की आज एक भारी शब्द कळला.

टीमचं म्हणशील तर चिडू नकोस, चिडलास की नाव चिकटतं. आमच्या कॉलेजात एका सरांना पोरं 'देअरफोर' म्हणायची, सर चिडायचे, रिटायर झाले तरी देअरफोरच. तू उलट कर, कँटीनमध्ये कोणी हाक मारली की विचार, आठवडा सात दिवसांचा असून त्याला आठवडा का म्हणतात सांग, नाही सांगता आलं तर चहा त्याच्याकडून. महिनाभर फुकट चहा सुटेल तुझा. पण टीम लीडना हा प्रश्न चारचौघांत विचारू नकोस हो, अप्रेझल जवळ आलं असेल.

आणि कादंबऱ्या अजिबात सोडायच्या नाहीत. मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचणारी पोरं आता आहेत किती? तू जे इंग्रजी कमावलंस ते कुठल्या क्लासात मिळत नाही. फक्त एक कर, वहीच्या शेवटी दोन रकाने पाड, एकात ऑफिसला चालणारे शब्द, दुसऱ्यात घरी ठेवायचे. सेनाइट दुसऱ्यात. आणि त्या पेटीत अजून थोडं खाली गेलास की तुला 'ट्वेल्व्हमंथ' भेटेल, बारा महिने म्हणजे एक वर्ष, त्यालाही 'स' नाही, कारण तेच, महिन्याचं जुनं अनेकवचन एकवचनासारखंच होतं. छान शब्द आहे, आजोबांच्या वेळचा वास येतो त्याला. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहू नकोस.